स्मृतिभ्रंश आणि घरांतील बोलणें

ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं आजी किंवा आजोबा आहेत, त्यांपैकीं कांहींच्या तरी परिचयाची पुढील गोष्ट असेल. आजी सकाळपासून सात वेळां विचारते, "आज वार कोणता?" पहिल्या वेळीं तिला नीट उत्तर मिळतें, तिसऱ्या वेळीं त्रोटक मिळतें, आणि सातव्या वेळीं घरांतील कोणी तरी म्हणतें, "आतांच नाहीं का सांगितलें?" आजी गप्प होते. दुपारीं ती जेवावयास नकार देते, आणि त्या नकाराचें कारण तिच्या दुखण्यांत शोधलें जातें. तें सकाळच्या संभाषणांतही असूं शकेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. या लेखांत त्याच बाजूचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या विकारास वैद्यकांत स्मृतिभ्रंश म्हणतात, त्यास आमच्याकडे 'म्हातारचळ' असें नांव पडलें आहे. आणि 'साठी बुद्धि नाठी' या म्हणीनें तर साठी ओलांडलेल्या सर्वांस एकाच माळेंत ओवून टाकिलें आहे. ही म्हण खोटी आहे. आपल्या देशांतील साठ वर्षांवरील लोकांची जी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तींत दर शंभरांत सुमारें ७ जणांस हा विकार असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे त्र्याण्णव जणांची बुद्धि नाठी झालेली नाहीं. परंतु शंभरांत सात हा आंकडा आपल्या देशांतील साठ वर्षांवरील लोकसंख्येनें गुणिला म्हणजे तो ८८ लक्षांच्या घरांत जातो, आणि त्यांतील बहुतेक मंडळी दवाखान्यांत नसून घरींच, मुलासुनांजवळ, लेकींजवळ व नातवंडांत राहातात. म्हणून त्यांच्याशीं कसें बोलावें हा प्रश्न डॉक्टरांपेक्षां तुमच्या-आमच्या ओसरीवरच अधिक वेळां उपस्थित होतो.

हा विकार वार्धक्याचा स्वाभाविक परिणाम नव्हे; मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणाऱ्या रोगांमुळें तो होतो. त्यांत अल्झायमरचा रोग सर्वांत अधिक आढळतो. मेंदूंतील बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यानेंही तो होतो. अल्झायमरच्या रोगांत पहिला घाला बहुधा मेंदूच्या त्या भागावर पडतो, जेथें नव्या गोष्टींची नोंद केली जाते. दुकानदाराच्या रोजकीर्दींत आजची पानें लिहिलीं जाऊं नयेत, पण जुन्या वह्या कपाटांत बऱ्याच काळ शाबूत राहाव्यात, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच सकाळीं काय खाल्लें हें न सांगूं शकणारे आजोबा पावकी-निमकी घडाघडा म्हणतात. लहानपणीं तोंडपाठ केलेलीं गाणीं म्हणूं लागले म्हणजे एकही ओळ चुकत नाहींत. यांत लबाडी कांहीं नाहीं. "सोयीचें तेवढें बरोबर आठवतें," असा टोमणा अशा माणसांस वारंवार ऐकावा लागतो. तो अज्ञानाचा आहे.

ज्या डॉक्टरांचें नांव या रोगास मिळालें, त्या आलोइस अल्झायमर यांची एक मुलाखत येथें सांगण्यासारखी आहे. १९०१ सालच्या नोव्हेंबरांत जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथील रुग्णालयांत औगुस्टे नांवाची ५१ वर्षांची एक स्त्री त्यांच्या देखरेखीखालीं आली. डॉक्टरांनीं नांव विचारलें. ती म्हणाली, औगुस्टे. आडनांव विचारलें, पुन्हां औगुस्टे. नवऱ्याचें नांव विचारलें, तेव्हांही तिनें तेंच उत्तर दिलें. ती कोबीचें फूल व डुकराचें मांस खात असतां काय खात आहेस म्हणून विचारलें, तर ती पालक म्हणाली. आपण स्वतःलाच हरवून बसलों आहों, अशा अर्थाचे उद्गारही तिच्या तोंडून निघत. १९०६ सालीं ती वारली. अल्झायमर यांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून त्याच वर्षीं विद्वानांच्या सभेपुढें आपला शोध मांडिला, आणि १९१० सालीं क्रेपेलिन या त्यांच्या वरिष्ठांनीं रोगास त्यांचें नांव दिलें.

डॉक्टरांनीं प्रश्न विचारले हें योग्यच झालें. रोगाची परीक्षा करणें हें त्यांचें कामच होतें. आम्हांस सांगावयाचें आहे तें वेगळें. ही तपासणी आपण आपल्या घरीं दररोज, कांहीं कारण नसतां, पुन्हां पुन्हां करीत असतों. पाहुणे आले कीं आजीपुढें उभे राहून म्हणतात, "ओळखा पाहूं मी कोण?" घरचीं माणसेंही कौतुकानें साथ देतात, "अहो, नीट पाहा ना, तुमच्या बहिणीचा नातू!" सर्वांचे डोळे आजीच्या चेहऱ्याकडे लागतात. आम्हां शिक्षकांस हें दृश्य परिचयाचें आहे. वर्गांत चटकन उत्तर देणारा मुलगाही परीक्षकानें एकदम उभें केलें म्हणजे आपलें नांव विसरल्यासारखा होतो. मुलाची परीक्षा निदान वर्षांतून ठराविक वेळां होते, आणि पुढच्या खेपेस उत्तीर्ण होण्याची त्याला आशा असते. आजीच्या परीक्षेला वेळापत्रक नाहीं व उत्तीर्ण होण्याचा मार्गही नाहीं. त्यापेक्षां पाहुण्यानेंच जवळ बसून म्हणावें, "मावशी, मी वसंत. कमळाताईंचा नातू. तुम्हांला भेटायला आलों." इतकें बोलण्यास कांहीं खर्च पडत नाहीं, आणि आजीची लाज राखली जाते.

येथें कोणी म्हणेल कीं, प्रश्न विचारूंच नयेत काय? तसें नाहीं. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत या प्रश्नाचा बारकाईनें अभ्यास झालेला आहे. अल्झायमरच्या रोग्यांचीं १८ जोडपीं घेऊन, रोग्याचा जोडीदार घरांतील नित्याच्या कामांत त्याच्याशीं कसा बोलतो, आणि कोणत्या बोलण्यानें समजूत पटते व कोणत्यानें घोटाळा होतो, हें संशोधकांनीं तपासलें. तो लेख २००३ सालीं प्रसिद्ध झाला. जाणकार मंडळी ज्या दहा युक्त्या सुचवीत असतात, त्यांपैकीं थोड्याच खऱ्या उपयोगाच्या ठरल्या : भोंवतालचा गलबला बंद करणें, सोपीं वाक्यें बोलणें, आणि 'होय' किंवा 'नाहीं' एवढ्यानें भागेल असा प्रश्न करणें. मौज अशी कीं, बहुतेक जण जी युक्ति मोठ्या निष्ठेनें वापरतात, म्हणजे शब्द ओढून ओढून सावकाश बोलणें, तिनें घोटाळे कमी न होतां वाढलेले दिसले. याचें एक कारण आम्हांस असें वाटतें कीं, वाक्य फार लांबविलें म्हणजे त्याचें शेंपूट येईपर्यंत डोकें सुटून जातें. आपल्या मराठींत तर क्रियापद अगदीं शेवटीं येतें. "काल बाजारांतून आणलेली ती निळी पिशवी, जी आपण दाराच्या मागें खुंटीला अडकविली होती, ती जरा मला" एवढें ऐकूनही पिशवी द्यावयाची कीं टाकावयाची हें आजोबांस कळलेलें नसतें. "बाबा, ती निळी पिशवी मला द्या," हें वाक्य मात्र पोहोंचतें. सोपें बोलणें म्हणजे ओढून बोलणें नव्हे. सोपें बोलून झाल्यावर मात्र थांबावें लागतें. उत्तर जुळावयास वेळ लागतो, आणि तो आपल्याला फार वाटतो. आजोबांनीं तोंड उघडण्याच्या आंतच दुसरा प्रश्न टाकिला, किंवा तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला, तर जुळत आलेलें सारें विस्कटतें.

त्याच संशोधकांच्या २००५ सालच्या लेखांत आणखी एक गोष्ट दिसून आली. एखाद्या विशिष्ट प्रसंगाची आठवण मागणारा प्रश्न बहुधा फसतो. पण आयुष्यभराच्या माहितीस हात घालणारा प्रश्न, मोकळा असला तरी, पुष्कळदां साधतो. "काल कोण आलें होतें?" हा पहिल्या जातीचा प्रश्न. "पुरणपोळीचें पुरण पातळ झालें तर काय करावें?" हा दुसऱ्या जातीचा. पहिल्यानें आजी विद्यार्थिनी होते, दुसऱ्यानें ती गुरु होते. शेतकरी आजोबांस ज्वारीच्या पेरणीविषयीं विचारावें, शिवणकाम करणाऱ्या आजीस काजें कशीं करावीं हें विचारावें. उत्तर अर्धवट आलें तरी तें त्यांच्या अधिकारांतलें असतें.

आतां स्वराविषयीं. अमेरिकेंतील कॅन्सस येथें क्रिस्टीन विल्यम्स या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिकेनें शुश्रूषागृहांतील स्मृतिभ्रंशाच्या २० रोग्यांस आंघोळ घालतांना, कपडे चढवितांना जें बोलणें चालतें त्याचीं चलच्चित्रें घेऊन क्षणाक्षणाचा हिशेब केला. सेविका कित्येकदां रोग्यांशीं तान्ह्या मुलाशीं बोलावें तसें बोलत : उंच, लाडिक स्वर, 'सोन्या', 'राजा' अशीं संबोधनें, आणि 'तुम्हीं' ऐवजीं 'आपण आतां आंघोळ करणार ना?' असा अनेकवचनी थाट. यास आपण बाळबोली म्हणूं. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिशेबांत असें दिसलें कीं, बाळबोली चालूं असतां रोगी हात झिडकारतो, ओरडतो, अंग आक्रसून घेतो याचा संभव शंभरांत ५५ होता; मोठ्या माणसाशीं बोलावें तसें साधें बोलणें चालूं असतां तो २६ वर येई. अगदीं मुकाट्यानें काम केलें तर ३६. म्हणजे न बोलण्यापेक्षांही बाळबोली वाईट ठरली, आणि साधें बोलणें दोहोंपेक्षां चांगलें.

हा आंकड्यांचा खेळ नव्हे. हात झिडकारणाऱ्या रोग्यास पुष्कळ ठिकाणीं 'आडदांड' ठरवून शांत करणारीं औषधें दिलीं जातात. अशा रोग्यांमध्यें या जातीच्या औषधांनीं मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या सरकारी औषधनियंत्रण खात्यानें २००५ सालीं दिला. तेव्हां ज्या झिडकारण्याचें मूळ बोलणाऱ्याच्या स्वरांत आहे, त्यासाठीं रोग्यानें जिवावरचें औषध घ्यावें असा हा उलटा न्याय होतो. सुदैवानें स्वर शिकवितां येतो. विल्यम्सबाईंनीं सेवकांसाठीं एक-एक तासाचे तीन पाठ तयार केले. तेरा शुश्रूषागृहांत त्यांचा प्रयोग होऊन २०१७ सालीं निष्कर्ष छापले गेले. बोलण्याच्या वेळेपैकीं शंभरांत सुमारें ३५ भाग बाळबोलीचा होता, त्यांतून सुमारें १४ कमी झाले. विरोधाचा भाग ३६ च्या आसपास होता, त्यांतून सुमारें १५ गेले. तीन तासांच्या शिकवणीचें हें फळ आम्हां शिक्षकांस हेवा वाटण्याजोगें आहे.

हे प्रयोग इंग्रजी बोलणाऱ्यांवर झालेले आहेत, हें मात्र विसरूं नये. मराठींत 'आपण आंघोळ करूं या' हें वाक्य आपोआप अपमानकारक होत नाहीं, कारण आपल्याकडे 'आपण' हा आदराचाही शब्द आहे आणि सोबतीचाही. आमच्या मतें मराठींतील खरी कसोटी दुसरीकडे आहे, आणि ती म्हणजे अहो-जाहोची. जी सून तीस वर्षें सासूबाईंस "अहो आई, तुम्हीं बसा" म्हणत आली, तीच दुखणें वाढल्यावर "ए आई, चल ऊठ, शहाणी ना तूं?" असें म्हणूं लागते. तिच्या मनांत माया असेल, नव्हे असतेच. परंतु सासूबाईंच्या कानास इतकेंच कळतें कीं, आपली पायरी घसरली. उलट जी मुलगी आपल्या आईस जन्मभर 'तूं' म्हणत आली, तिनें एकाएकीं 'तुम्हीं' सुरूं करणें तितकेंच परकें. जें संबोधन नात्यांत रुळलेलें आहे, तेंच शेवटपर्यंत चालवावें. उंच स्वराविषयीं आणखी एक शरीरशास्त्राची गोष्ट सांगतों : म्हातारपणीं प्रथम ऐकूं येईनासे होतात ते उंच पट्टीचे आवाज. म्हणजे किंचाळून बोलणारा आपलें बोलणें अधिक दुर्बोध करीत असतो. समोर, डोळ्यांच्या पातळीवर यावें, नांव घ्यावें, आणि खालच्या पट्टींत बोलावें.

"पण तिला लक्षांत कुठें राहातें? रागावलों तरी पांच मिनिटांनीं विसरते," असें समाधान कांहीं जण करून घेतात. आयोवा विद्यापीठांतील एक प्रयोग त्यांनीं जाणून घ्यावा. अल्झायमरच्या १७ रोग्यांस व तितक्याच निरोगी माणसांस प्रथम दुःखाचे व पुढें आनंदाचे चित्रपटांतील प्रसंग दाखविण्यांत आले. थोड्याच वेळानें पाहिलें तों रोग्यांस त्या प्रसंगांतील फारच थोडें सांगतां येई. कित्येकांस आपण चित्रपट पाहिला हेंही आठवेना. पण त्यांच्या मनांतील खिन्नता किंवा प्रसन्नता टिकून होती. इतकेंच नव्हे, ज्यांस प्रसंग सर्वांत कमी आठवत होता, त्यांची खिन्नता अधिक काळ राहिली. हा लेख २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यास आपण कां दुखावलों हें ठाऊक असतें, तो मनाची समजूत घालूं शकतो. ज्याच्याजवळ कारणच उरलें नाहीं, त्याच्याजवळ नुसतें दुखणें राहातें.

इंग्लंडांत ब्रॅडफर्ड येथें टॉम किटवुड या मानसशास्त्रज्ञानें या विषयावर १९९७ सालीं एक ग्रंथ लिहिला. रोग्याच्या माणूसपणाची झीज एकट्या मेंदूच्या बिघाडानें होत नाहीं, भोंवतालच्या वागणुकीनेंही होते, असें त्यांचें प्रतिपादन आहे. त्यांनीं अशा वागणुकीचे प्रकार टिपून काढिले : रोग्यास झेपणार नाहीं अशा वेगानें बोलणें व त्याच्यासमोरच तो नसल्यासारखें त्याच्याविषयीं बोलणें, फसवून काम करवून घेणें, लहान मूल समजणें. वाचणाऱ्यास आपलेंच घर दिसावें अशी ती यादी आहे. हें सर्व दुष्टपणानें घडतें असें मात्र किटवुड म्हणत नाहींत. भलीं माणसें घाईंत व अजाणपणें तें करितात. त्याच्यासमोर त्याच्याविषयीं बोलण्याचा दोष तर आमच्याकडे शिष्टाचाराइतका रूढ आहे. "यांना हल्लीं कांहीं कळत नाहीं हो," हें वाक्य पाहुण्यास चहा देतांना ज्यांच्याविषयीं बोललें जातें, ते त्याच खाटेवर बसून ऐकत असतात.

सर्वांत अवघड प्रसंग सांजवेळीं येतो. पाऊणशें वर्षांची आजी दाराशीं जाते व म्हणते, "मला घरीं जायचें आहे. आई वाट पाहात असेल." आईला जाऊन चाळीस वर्षें झालीं. "तुझी आई केव्हांच वारली," असें सांगणें खरें आहे. पण तिला ती बातमी आज प्रथमच कळते, आणि उद्यां पुन्हां प्रथमच कळेल. "आई येतेच आहे, बस," असें सांगणें खोटें आहे. या दोहोंच्या मधून जाणारी वाट नेओमी फाईल या बाईंनीं दाखविली. त्या १९३२ सालीं म्युनिक येथें जन्मल्या व अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें, वडील जेथें व्यवस्थापक होते त्या वृद्धगृहांतच वाढल्या. त्यांचें म्हणणें असें कीं, शब्दांशीं वाद घालूं नये, शब्दांमागच्या भावनेशीं बोलावें. "आईची आठवण येते का? तुमची आई कशी होती? तिच्या हातचें काय आवडे?" यांत असत्य एकही नाहीं. या पद्धतीनें रोग्यांची प्रकृति निश्चित सुधारते असें सिद्ध करण्याइतका पुरावा जमलेला नाहीं, हें सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. तरी खरें व खोटें या दोन काठांमध्यें अडकलेल्या घरास तिचा उपयोग आहे, असें आमचें मत आहे. 'घर' या शब्दाचा अर्थही नेहमीं चार भिंती असा नसतो. कधीं त्याचा अर्थ 'भीति वाटते', कधीं 'भूक लागली', आणि कधीं नुसताच 'मोरीकडे जायचें आहे' असा असतो. हें ओळखणें रोजच्या सोबत्यासच साधतें.

भाषेसंबंधीं एक गोष्ट आपल्या मुलखास विशेष लागू आहे. मुंबईंत किंवा पुण्यांत आयुष्य गेलेल्या पुष्कळ आजी-आजोबांची माहेरची बोली मालवणी, अहिराणी किंवा कोंकणी असते. रोग वाढतो तशी मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदां आधीं सुटते आणि पाळण्यांतली बोली राहाते. नातवंडांस ती येत नसेल तर आजी 'कांहीं तरी बरळते' असें ठरतें. त्या बोलींतील पाणी, जेवण, दुखणें, ये, बस एवढे दहापंधरा शब्द मुलांनीं कोणा काकाआत्याकडून शिकून घ्यावेत. प्रसंगवशात् हेंही सांगतों कीं, हैदराबाद येथें ६४८ रोग्यांच्या तपासणींत दोन भाषा बोलणाऱ्यांस हा विकार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षां सरासरी साडेचार वर्षें उशिरां झाल्याचें आढळलें; निरक्षरांतही तसेंच दिसलें. तो लेख २०१३ चा.

हें सर्व वाचून एखादी माता म्हणेल, "सांगणें सोपें आहे; पहांटे चार वाजल्यापासून मी एकटी उठबस करितें, माझा स्वर गोड राहील कसा?" तिचें म्हणणें रास्त आहे. बहुतेक घरांत हें काम एकाच बाईच्या गळ्यांत पडलेलें असतें, आणि जीं मंडळी तिला 'जरा प्रेमानें बोल' म्हणून सांगतात, तीं आजीजवळ तासभरही बसलेलीं नसतात. थकलेल्या माणसाचा स्वर प्रथम चढतो, हा निसर्गनियम आहे. म्हणून तिला दररोज दोन तास मोकळे मिळण्याची व्यवस्था घरांतील पुरुषांनीं व मोठ्या मुलांनीं केली पाहिजे. भावजय, नणंद, शेजारीण यांनींही वार वांटून घ्यावेत. लहान मुलांची येथें मोठी मदत होते, कारण तीं आजीस परीक्षेला बसवीत नाहींत. तीच गोष्ट दहा वेळां ऐकण्याचा त्यांस कंटाळाही येत नाहीं. भिंतीवर एक पाटी टांगून मुलानें रोज सकाळीं तीवर वार व तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी. आजीनें वार विचारला कीं पाटीकडे बोट न दाखवितां आधीं तोंडानें सांगावें, "आजी, आज सोमवार," मग पाटी दाखवावी. आणि संध्याकाळीं शाळेंतून परत आल्यावर, आईला अंगणांत जाऊं देऊन, आजीजवळ बसून वाटाणे सोलावेत.